झाक गाउडस्टिकर आणि त्यांचा लुटला गेलेला चित्रसंग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अ‍ॅम्स्टरडॅमचे ज्यू कलाव्यापारी झाक गाउडस्टिकर यांच्या दालनातील चित्रे १९४० च्या उन्हाळ्यात नाझींच्या हाती गेली आणि त्यांपैकी २०२ चित्रे वारसांना परत देण्याचा निर्णय व्हायला २००६ साल उजाडले. या प्रकरणाविषयी वाचकांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

झाक गाउडस्टिकर कोण होते?

त्यांचा जन्म १८९७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला झाला. चित्रांचा व्यापार हा त्यांच्या घराण्याचाच धंदा होता. १९१९ मध्ये ते वडील एडुआर्ड यांच्या पेढीत दाखल झाले आणि थोड्याच वर्षांत त्यांनी पेढीचे रूप पालटून टाकले. त्या काळी डच व्यापाऱ्यांचा भर मुख्यतः सतराव्या शतकातील डच चित्रांवर असे. गाउडस्टिकर यांनी त्यांच्या जोडीला इटालियन प्रबोधनकाळातील आणि जुन्या जर्मन व फ्लेमिश चित्रकारांची कामे आणली, अभ्यासपूर्ण सूचिपत्रे छापली, आणि १९२७ मध्ये पेढी हेरेनग्राख्त या कालव्याकाठच्या ४५८ क्रमांकाच्या प्रशस्त वास्तूत हलवली. १९३० मध्ये त्यांनी ब्रोइकेलेन येथील फेख्त नदीकाठचा नायेनरोडे हा किल्ला विकत घेतला आणि तेथेही प्रदर्शने व उत्सव भरवले. त्यांच्या पत्नी डेझिरे या व्हिएन्नाच्या गायिका होत्या. मुलगा एडो १९३९ मध्ये जन्मला, म्हणजे युद्ध दाराशी आले तेव्हा तो जेमतेम वर्षाचा होता.

त्यांच्या संग्रहात काय होते?

सुमारे १४०० कलाकृती होत्या. यान स्टेन, सालोमन फान राउसडाल, यान फान खोयेन, यान फान डेर हेडेन, लुकास क्रानाख अशी नावे त्यांत आहेत. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढच्या साऱ्या वादाचे मूळ तिच्यात आहे. हा एखाद्या हौशी संग्राहकाने घराच्या भिंतींवर जमवलेला संग्रह नव्हता, तर एका चालत्या कंपनीचा माल होता. घरातली वडिलोपार्जित वस्तू कोणी उचलून नेली की तिला चोरी म्हणायला कोणाची हरकत नसते. दुकानातला माल गेला तर मात्र “तो विकण्यासाठीच होता, विकला गेला” असे सहज म्हणता येते. युद्धानंतर डच सरकारने नेमके हेच म्हटले.

गाउडस्टिकर यांचा मृत्यू कसा झाला?

१० मे १९४० रोजी जर्मन सैन्य नेदरलँड्समध्ये घुसले. १४ मे रोजी झाक, डेझिरे आणि लहानगा एडो एमाउडन बंदरावर पोहोचले आणि ‘बोडेग्राव्हन’ नावाच्या मालवाहू जहाजावर चढले. बंदरावर त्या दिवशी हजारो माणसे बोट मिळेल या आशेने आली होती आणि बहुतेकांना परत फिरावे लागले. डेझिरे यांनी सैनिकांसमोर गाण्याचा कार्यक्रम केला होता, त्यामुळे पहाऱ्यावरच्या एका सैनिकाने त्यांना ओळखून आत सोडले, असे कुटुंबाच्या हकिकतीत सांगितले जाते. याच जहाजातून अ‍ॅम्स्टरडॅमच्या अनाथाश्रमात ठेवलेली ७४ ज्यू निर्वासित मुलेही वाचली.

१६ मेच्या पहाटेपूर्वी, हवाई हल्ल्याच्या भीतीने दिवे मालवलेले असताना, गाउडस्टिकर मोकळ्या हवेसाठी डेकवर गेले आणि अंधारात उघड्या राहिलेल्या झडपेतून खालच्या तळघरात पडले. मान मोडून ते जागीच गेले. वय होते ४२. इंग्लंडमधील फालमथ येथे त्यांचे दफन झाले आणि डेझिरे तान्ह्या मुलासह पुढे कॅनडामार्गे अमेरिकेला गेल्या.

ज्या काळ्या वहीचा नेहमी उल्लेख होतो, ती कोणती?

गाउडस्टिकर यांच्या खिशात काळ्या कातडी बांधणीची एक छोटी, पाने काढता-घालता येणारी वही होती आणि ती त्यांच्या मृतदेहाजवळ सापडली. तिच्यात १११३ चित्रांच्या टंकलिखित नोंदी आहेत : क्रमांक, चित्रकार, विषय, मापे, खरेदीचा तपशील. डेझिरे यांनी ती जपून ठेवली.

लुटलेल्या चित्रांच्या दाव्यात पुराव्याची सर्वांत मोठी अडचण हीच असते की पळताना माणूस कागदपत्रे मागे टाकून जातो आणि लुटणारा ती नष्ट करतो किंवा स्वतःच्या सोयीने नवी तयार करतो. त्यातच “नदीकाठचे दृश्य” किंवा “एका स्त्रीचे व्यक्तिचित्र” अशी शीर्षके शेकडो चित्रांना लागू पडतात. अशा वेळी मालकाने स्वतः लिहून ठेवलेला क्रमांक आणि सेंटिमीटरमधली मापे यांचे मोल फार मोठे ठरते. गाउडस्टिकर पेढी आपल्या चित्रांच्या पाठीमागे कागदी चिठ्ठी चिकटवत असे. लाकडी फळीवर किंवा कॅनव्हासच्या चौकटीवर टिकून राहिलेली ती चिठ्ठी आणि वहीतली नोंद जुळली की हे चित्र त्यांच्याच दालनातले, हे सिद्ध करायला फारसे काही उरत नाही.

मालक मरण पावला होता आणि पत्नी परदेशात होती, तर दालन विकले कोणी?

गाउडस्टिकर यांनी निघण्यापूर्वी आपल्या एका वकील मित्राला मुखत्यारपत्र दिले होते. पण त्या मित्राचाही त्याच दिवसांत हृदयविकाराने मृत्यू झाला. पेढीत कुलमुखत्यार कोणी उरला नाही. या पोकळीत आरी टेन ब्रूक आणि यान डिक हे दोन कर्मचारी पुढे झाले, त्यांनी कारभार हाती घेतला आणि जुलै १९४० मध्ये विक्रीचे करार झाले. प्रमुख भागधारक या नात्याने डेझिरे यांनी संमती द्यायला नकार दिला होता. झाक यांच्या वृद्ध आई एमिली मात्र नेदरलँड्समध्येच अडकल्या होत्या. त्यांना संरक्षण देण्याच्या बदल्यात त्यांची संमती पदरात पाडून घेण्यात आली. जर्मनव्याप्त अ‍ॅम्स्टरडॅममध्ये एका म्हाताऱ्या ज्यू स्त्रीपुढे अशी अट ठेवली जाते, तेव्हा तिच्या होकाराला संमती म्हणणे मला तरी अशक्य वाटते.

खरेदीदार दोन होते. नाझी राजवटीतील दुसऱ्या क्रमांकाचा नेता हर्मन गोअरिंग हा पहिला. तो स्वतः दालनात येऊन गेला होता, आणि २० लाख गिल्डर देऊन त्याने शेकडो चित्रे उचलली. दुसरा होता नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेला जर्मन व्यावसायिक आलोइस मीडल, ज्याची स्वतःची पत्नी ज्यू होती. त्याने साडेपाच लाख गिल्डरमध्ये उरलेली चित्रे, हेरेनग्राख्तची वास्तू, नायेनरोडे किल्ला, औस्टरमेर हे कुटुंबाचे राहते घर आणि गाउडस्टिकर या नावाने व्यापार करण्याचा हक्क मिळवला.

पैसे दिले गेले, करार झाला, सह्या झाल्या. मग याला लूट का म्हणायचे?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याला दोष देता येणार नाही, कारण नाझींनी कागदपत्रांची सारी व्यवस्था हा प्रश्न पडावा याच हेतूने उभी केली होती. फ्रान्समध्ये ज्यूंचे संग्रह मोठ्या प्रमाणावर थेट जप्त झाले. नेदरलँड्समध्ये मात्र निदान सुरुवातीच्या महिन्यांत रीतसर खरेदीचा देखावा पसंत केला गेला. करारनामा असे, रक्कम असे, पावती असे. फक्त विकणाऱ्याला “नाही” म्हणण्याची सोय नसे.

गाउडस्टिकर प्रकरणात तर विकणारा मालकच नव्हता. ज्यांनी सह्या केल्या त्यांचा अधिकार वादग्रस्त होता, ज्यांचा अधिकार होता त्यांनी नकार कळवला होता, ठरलेली किंमत मालाच्या खऱ्या किमतीच्या कितीतरी खाली होती, आणि घेणारा माणूस देश ताब्यात घेतलेल्या सत्तेचा सर्वशक्तिमान मंत्री होता. शिवाय लंडनला आश्रय घेतलेल्या डच सरकारनेच जून १९४० मध्ये शत्रूशी परवानगीशिवाय केलेले व्यवहार अवैध ठरवणारा हुकूम काढला होता, म्हणजे जुलैतील करार डच कायद्याच्या दृष्टीनेही उभे राहू शकत नव्हते. पुढे ५ जानेवारी १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांनी एक संयुक्त घोषणा केली. व्याप्त प्रदेशातील मालमत्तेचे हस्तांतर उघड लुटीने झालेले असो की वरकरणी कायदेशीर दिसणाऱ्या व्यवहाराने, ते रद्दबातल ठरवण्याचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत, असे त्या घोषणेत निःसंदिग्धपणे म्हटले आहे. नेदरलँड्सचे सरकार या घोषणेचे भागीदार होते.

मालक गेल्यावरही दालनाचे नाव तसेच का ठेवले गेले?

नावाला बाजारात किंमत होती म्हणून. मीडलने युद्धाच्या काळात त्याच नावावर जोरात धंदा केला. त्याच्याच मार्फत गोअरिंगला सतराव्या शतकातील विख्यात डच चित्रकार व्हर्मेर याचे म्हणून एक चित्र मिळाले आणि त्यासाठी गोअरिंगने सुमारे १३७ चित्रे बदल्यात दिली. युद्धानंतर चौकशी होऊन १९४५ मध्ये हान फान मेखरेन या चित्रकाराला अटक झाली, तेव्हा राष्ट्रीय ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपातून सुटण्यासाठी त्याने कबूल केले की ते चित्र व्हर्मेरचे नसून आपणच रंगवलेले आहे. ही बनावट चित्राची गोष्ट जगभर चवीने सांगितली जाते. ज्या पेढीच्या नावाने तो व्यवहार झाला तिचा खरा मालक कोण होता, हे मात्र त्या गोष्टीत बहुधा येतच नाही.

युद्ध संपल्यावर चित्रे सापडली का?

पुष्कळशी सापडली. दोस्तांच्या सैन्याने गोअरिंगचा संग्रह ताब्यात घेतला, म्युनिकच्या संकलन केंद्रात चित्रांची छाननी झाली, आणि १९४५ पासून गाउडस्टिकर यांची दोनशेहून अधिक चित्रे नेदरलँड्सला परत पाठवण्यात आली. पद्धत अशी होती की चित्र ज्या देशातून नेले त्या देशाच्या सरकारकडे ते सोपवायचे आणि त्या सरकारने मूळ मालक शोधून त्याला द्यायचे. या प्रकरणात मालक शोधण्याची गरजच नव्हती.

मग १९४६ मध्येच ती डेझिरे यांना का मिळाली नाहीत?

डेझिरे १९४६ मध्ये नेदरलँड्सला परतल्या आणि त्यांनी आपली मालमत्ता मागितली. सरकारी यंत्रणेने पवित्रा घेतला की १९४० ची विक्री स्वेच्छेने झाली होती. चित्रे हवी असतील तर मिळालेली रक्कम सरकारजमा करावी लागेल. पतीचा मृत्यू झालेला, व्यवसाय मोडलेला, आणि ज्या विक्रीला आपण नकार दिला होता तिचेच पैसे आपण परत करायचे, अशी त्यांची अवस्था होती. वर्षानुवर्षे वाटाघाटी चालल्या. अखेर १९५२ मध्ये त्यांनी मीडलच्या व्यवहारापुरती तडजोड स्वीकारली, ज्यातून काही स्थावर मालमत्ता आणि काही चित्रे पैसे मोजून परत मिळाली. गोअरिंगने नेलेल्या चित्रांविषयी त्यांनी तडजोड केली नाही; पण दावा दाखल करण्याची मुदत १ जुलै १९५१ रोजी संपली होती. ती चित्रे राष्ट्रीय संग्रहात जमा झाली, काही विकली गेली, आणि बाकीची देशभरच्या संग्रहालयांत व सरकारी कार्यालयांत टांगली गेली.

माझ्या मते या सगळ्या कहाणीत सर्वांत क्लेशदायक भाग हाच आहे. गोअरिंगकडे ही चित्रे जेमतेम पाच वर्षे होती. स्वतः नाझींच्या टाचेखाली भरडल्या गेलेल्या एका लोकशाही देशाने ती साठ वर्षे ठेवून घेतली, आणि तीही मालकाचे नाव, पत्ता व वारस ठाऊक असताना. यामागे कोणाचा क्रूर हेतू होता असे म्हणता येणार नाही. उद्ध्वस्त देश सावरण्याची घाई, परत येणाऱ्या ज्यूंच्या विशेष दुःखाबद्दलची अनास्था आणि नियमांवर बोट ठेवण्याची कारकुनी सवय यांतून ते घडले, आणि म्हणूनच त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे.

प्रकरण पुन्हा कसे उघडले?

डेझिरे यांनी १९५० मध्ये पुनर्विवाह केला होता आणि एडोने सावत्र वडिलांचे फोन साहेर हे आडनाव घेतले होते. १९९६ मध्ये मायलेक दोघेही काही महिन्यांच्या अंतराने वारले. पुढच्याच वर्षी एका डच पत्रकाराने एडो यांच्या पत्नी मारेई फोन साहेर यांच्याशी अमेरिकेत संपर्क साधला, आणि सासऱ्यांच्या संग्रहाचे नेमके काय झाले हे त्यांना प्रथमच तपशीलवार कळले. १९९८ मध्ये त्यांनी डच सरकारकडे मागणी केली. ती फेटाळली गेली. १९९९ मध्ये हेगच्या अपील न्यायालयानेही त्यांच्या विरोधात निर्णय दिला.

त्याच सुमारास वारे मात्र बदलत होते. डिसेंबर १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे ४४ देशांनी नाझींनी जप्त केलेल्या कलाकृतींविषयी तत्त्वे मान्य केली. ती कायद्याने बंधनकारक नसली तरी मुदत संपल्याच्या कारणावर न थांबता “न्याय्य आणि रास्त तोडगा” शोधावा, ही त्यांची दिशा होती. नेदरलँड्सने आपले धोरण तपासले आणि अशा दाव्यांसाठी स्वतंत्र समिती नेमली. मारेई यांनी समितीपुढे नव्याने अर्ज केला.

२००६ चा निर्णय नेमका काय होता?

समितीने डिसेंबर २००५ मध्ये शिफारस केली आणि ६ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने ती मान्य केल्याचे जाहीर केले. २६७ कलाकृतींवर दावा होता, त्यांपैकी २०२ चित्रे परत देण्याचे ठरले. उरलेल्यांपैकी काही १९५२ च्या तडजोडीत मोडत होती, तर काहींची मालकी पुरेशी सिद्ध झाली नाही. गोअरिंगकडे गेलेल्या चित्रांचा ताबा अनिच्छेने सुटला होता आणि १९५२ मध्ये त्यांच्यावरचा हक्क सोडलेला नव्हता, हा समितीच्या निष्कर्षाचा गाभा होता. नाझी काळातील लुटीच्या संदर्भात एकाच वेळी इतकी चित्रे परत मिळाल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

वारसांनी पुष्कळ चित्रे विकून टाकली. मग ही सारी धडपड पैशांसाठीच होती का?

आठ वर्षांच्या कायदेशीर लढाईचा आणि जगभर चालवलेल्या शोधाचा खर्च प्रचंड होता, आणि २००७ पासून झालेल्या लिलावांमागे तेही एक कारण होते. काही चित्रे थेट संग्रहालयांनी घेतली. राउसडालचे १६४९ मधील होडीचे नदीदृश्य, जे अ‍ॅम्स्टरडॅमच्या रेक्सम्युझियममध्ये होते, ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतले. फान खोयेनने रंगवलेले डॉर्ड्रेख्त शहराचे दृश्य त्याच शहराच्या संग्रहालयाने विकत घेतले. यान मोस्टार्टचे अमेरिका जिंकण्याच्या प्रसंगाचे चित्र रेक्सम्युझियमने २०१३ मध्ये रीतसर पैसे देऊन परत मिळवले. निवडक चित्रांचे प्रदर्शन २००८ पासून अमेरिकेत फिरले.

तरीही या प्रश्नाच्या मुळाशी असलेले गृहीतक मला मान्य नाही. आपली वस्तू परत मागणाऱ्याने तिचे पुढे काय करणार याची हमी द्यावी, अशी अट आपण इतर कोणत्याही मालकाला घालत नाही. गाउडस्टिकर तर व्यापारीच होते; चित्रे योग्य किमतीला योग्य माणसाकडे जावीत हेच त्यांचे आयुष्यभराचे काम होते.

क्रानाखची ‘अ‍ॅडम’ आणि ‘ईव्ह’ ही चित्रे परत का मिळाली नाहीत?

सुमारे १५३० मध्ये रंगवलेली, जवळजवळ माणसाच्या उंचीची ही जोडी गाउडस्टिकर यांनी १९३१ मध्ये बर्लिनला, सोव्हिएत सरकारने काढलेल्या मालाच्या लिलावात घेतली होती. ती गोअरिंगकडे गेली, युद्धानंतर नेदरलँड्सला आली, आणि १९६६ मध्ये डच सरकारने ती रशियन सरदार घराण्यातील जॉर्ज स्ट्रोगानोफ-शेरबातोफ यांना दिली, कारण ही चित्रे क्रांतीनंतर आपल्या कुटुंबाकडून हिरावली गेली असा त्यांचा दावा होता. त्यांच्याकडून १९७१ मध्ये अमेरिकी उद्योगपती व संग्राहक नॉर्टन सायमन यांनी ती ८ लाख डॉलरला घेतली. आज ती कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे नॉर्टन सायमन संग्रहालयात आहेत.

मारेई यांनी २००७ मध्ये दावा लावला. तो कनिष्ठ न्यायालय आणि अपील न्यायालय यांच्यात बारा वर्षे फिरत राहिला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की मारेई यांच्या बाजूने निकाल द्यायचा तर डच सरकारने सार्वभौम सत्ता म्हणून केलेली कृती अवैध ठरवावी लागेल आणि अमेरिकी न्यायालय ते करणार नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. याच कॅलिफोर्नियातल्या गेटी संग्रहालयाने मात्र पीटर मोलेनचे एक निसर्गचित्र २०११ मध्ये आपणहून वारसांना परत केले होते.

२०२५ मध्ये अर्जेंटिनात सापडलेले चित्र याच संग्रहातले होते का?

होय. गोअरिंगचा आर्थिक सल्लागार फ्रीडरिख काडगिन युद्धानंतर दक्षिण अमेरिकेत पळून गेला आणि १९७८ मध्ये बुएनोस आइरेसला वारला. त्याच्या वारशात मार देल प्लाता येथील एक घर होते, आणि ते विकण्यासाठी इंटरनेटवर टाकलेल्या जाहिरातीतील एका छायाचित्रात दिवाणखान्यातल्या सोफ्याच्या वरच्या भिंतीवर एका स्त्रीचे व्यक्तिचित्र दिसत होते. इटालियन चित्रकार गिस्लांडी याच्या नावावर नोंदलेले हे चित्र गाउडस्टिकर यांच्या बेपत्ता चित्रांच्या यादीत असल्याचे ऑगस्ट २०२५ मध्ये डच पत्रकारांनी ओळखले. बातमी आल्यावर पोलिसांनी झडती घेतली तेव्हा त्या जागी एक भिंतपट टांगलेला होता. सप्टेंबरच्या सुरुवातीला चित्र अर्जेंटिनाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्यात आले.

उरलेल्या चित्रांचा शोध अजून चालू आहे का?

चालू आहे. १४०० पैकी बरीच चित्रे अद्याप बेपत्ता आहेत. युद्धकाळातच मीडल आणि गोअरिंग यांच्याकडून पुढे विकली गेलेली ही चित्रे जर्मनी, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतील खासगी घरांत हातोहात फिरली असावीत. ती उजेडात येतात ती मुख्यतः लिलावाच्या वेळी, कारण आता मोठ्या लिलावसंस्था १९३३ ते १९४५ या काळात चित्र कोणाकडे होते हे तपासल्याशिवाय ते विक्रीला काढत नाहीत आणि त्यासाठी हरवलेल्या कलाकृतींच्या सार्वजनिक सूची पाहतात. वारसांनी संशोधकांच्या मदतीने वहीतल्या नोंदी, जुन्या प्रदर्शनांची सूचिपत्रे आणि पेढीने काढलेली छायाचित्रे एकत्र करून आपली यादी तयार केली आहे. घरात वारशाने आलेल्या एखाद्या जुन्या युरोपीय चित्राच्या पाठीमागे अ‍ॅम्स्टरडॅमच्या गाउडस्टिकर पेढीची चिठ्ठी दिसली, तर ती काढू किंवा पुसू नये. चित्राच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहून ठेवावीत आणि लुटलेल्या कलाकृतींच्या सूचीशी ती ताडून पाहावीत.